मागे बसलेला तंबोरा

आमच्या गाण्याच्या बाई नव्या मुलीला आधी गायला लावत नसत, तंबोरा धरायला लावत. सांगलीतल्या त्यांच्या खोलीत दोन तंबोरे होते, दोन्ही मिरजेचे. मिरजेत तंबोरे बनवायचं काम एकोणिसाव्या शतकात सुरू केलं ते हत्यारं बनवणाऱ्या शिकलगारांनी. तलवारीवरचे हात तंबोऱ्याच्या भोपळ्यावर वळले, याचं मला अजून नवल वाटतं. 2024 मध्ये या वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं.

तारा चार. पहिली पंचमाची, मग जोडीच्या दोन, शेवटी खर्ज. घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी साधली की खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो. तो कुणी छेडलेला नसतो; खर्जाच्या पाचपट कंपनांत तो आधीपासून असतोच. दोन तंबोरे एकमेकांशी चोख मिळाले की तो जास्तच स्वच्छ उमटतो. “आला का गंधार?” बाई विचारत. घाईने ‘हो’ म्हणणारीला पुन्हा खुंटी पिळायला बसवत.

पुढे मैफलीत तंबोरा घेऊन त्यांच्या मागे बसायला लागले. मागून गाणाऱ्याची पाठ दिसते. दम कुठे घेतला, कुठे राखून ठेवला, हे तिथूनच कळतं. एकदा यमनमध्ये त्यांनी आलाप अर्धवट सोडला आणि मान वळवून म्हणाल्या, “घे.” घरी रियाजात बारीक होणारा माझा तार षड्ज त्या संध्याकाळी भरून लागला. घाबरायला सवडच नव्हती, आणि तासभर त्यांच्याच सुरात बसले होते. मी टेकवला त्याच सुरावरून त्यांनी पुढची जागा घेतली. कुणाच्याही शाबासकीपेक्षा ते मोठं होतं.

नोकरीसाठी पुण्यात आले, तेव्हा भाड्याच्या खोलीत इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणला. आता मोबाइलवरच ॲप आहे. त्यांना नावं ठेवणार नाही, माझा रियाज त्यांच्यामुळेच टिकला. पण ते यंत्र कधी उतरत नाही, त्यामुळे कान देऊन मिळवावंही लागत नाही. आणि ते मान वळवून ‘घे’ म्हणत नाही. एकटीने केलेल्या रियाजाने माझा गळा तयार झाला; गाणं मात्र कुणाच्या तरी मागे बसूनच आलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

डिसेंबरात पुण्यातल्या ‘सवाई’ संगीत महोत्सवाला गेलात, तर गायकाच्या मागे तंबोरा घेऊन बसलेल्या पोरांकडेही लक्ष ठेवा. त्यांतल्या कुणाला मध्येच एखादी जागा मिळाली, तर टाळी त्यालाही द्या.