खापरपणजोबांचं काय?

आमच्या मंडळीत रविवारच्या उपासनेत मतांगीकार उभं राहून म्हणतात. मला तो वाचता येण्याआधीच पाठ होता. नगर जिल्ह्यातल्या अमेरिकन मराठी मिशनच्या जुन्या घरांत बहुतेकांचं असंच होतं. शब्द आधी अंगवळणी पडतात, अर्थाची पाळी फार उशिरा येते. त्या मतांगीकारात प्रभूचं क्रूसावरचं मरण आणि तिसऱ्या दिवशीचं पुनरुत्थान यांच्या मधे एक छोटं वाक्य आहे. प्रभू अधोलोकात उतरला, असं ते सांगतं. लहानपणी मला सगळ्यात जास्त कुतूहल या वाक्याचं होतं. गव्हाणी, गाढव, क्रूस, कबरेवरून लोटलेली धोंड या सगळ्यांची चित्रं संडेस्कूलच्या भिंतीवर होती. या मधल्या दिवसाचं चित्र मात्र कुठेच नव्हतं. प्रभू तिथे कशासाठी गेला? तिथे त्याला कोण भेटलं?

त्याला तिथे माझे खापरपणजोबा भेटले असतील, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

ते 1876 ते 78च्या दुष्काळात गेले. गावकुसाबाहेरचं महारवाड्यातलं घर, ना जमीन, ना गुरं. दौंड-मनमाड रेल्वेचा रस्ता तेव्हा दुष्काळी काम म्हणून बांधला जात होता. बाप भरावावर माती टाकायला जायचा. मजुरीतून घरात जेवढी भाकरी व्हायची ती पोराच्या पुढ्यात ठेवायचा आणि ‘मी कामावर खाल्लं’ असं सांगायचा. एका संध्याकाळी कामावरचे लोक परतले, त्यांत तो नव्हता. पोरगं मात्र जगलं. पुढे मिशनच्या शाळेत शिकलं, तरुणपणी त्याने बाप्तिस्मा घेतला आणि शाळामास्तर झालं. हे पोरगं म्हणजे माझ्या आजीचे वडील. दौंडहून नगरला येताना गाडी आजही त्याच भरावावरून येते. खिडकीतून खाली पाहिलं की काळी माती, बाभळी आणि मधूनच उसाचे तुकडे दिसतात. कुठल्या टप्प्यावर त्यांच्या पाट्या पडल्या असतील, हे कुणालाच सांगता येणार नाही.

आजी बायबलबाई होती. वडाळ्याच्या आसपासची नेवासे तालुक्यातली गावं तिने पायी पालथी घातली होती. पिशवीत शुभवर्तमानाच्या पुस्तिका आणि उपासना संगीताचं पुस्तक असायचं. बायकांना ती आधी रेव्हरंड टिळकांची गीतं म्हणून दाखवायची आणि मग वाचायला बसवायची. घरी रात्रीची कौटुंबिक प्रार्थना तीच करायची. एकेकाचं नाव घेत आजारी माणसं, परीक्षेला बसलेली मुलं, मुंबईला गेलेला काका असं करत करत शेवटी आवाज थोडा खाली आणून ती म्हणायची, ‘आणि देवा, बाबांच्या वडिलांना.’ वाक्य तेवढंच. त्यांना काय कर, हे कधी पुढे आलं नाही. मेलेल्यांसाठी प्रार्थना करायची नाही, हे आमच्या प्रॉटेस्टंट घरांत तान्ह्या पोरालाही ठाऊक असतं. आजीला ते माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं, कारण गावोगाव तेच शिकवून ती घरी यायची.

दृढीकरणाच्या वर्गात मी प्रश्न विचारला. आमचे पाळकसाहेब प्रेमळ होते. विश्वासावाचून तारण नाही, हे त्यांनी फळ्यावर लिहून दिलं होतं. मी उभी राहून म्हटलं, ‘पाळकसाहेब, माझ्या खापरपणजोबांनी प्रभूचं नावच ऐकलं नव्हतं. त्यांचं काय?’ ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘देव न्यायी आहे, बेटा.’ तेवढ्यावर माझं समाधान झालंही असतं. पण त्याच उन्हाळ्यात संजीवन सभांना बाहेरून एक प्रचारक आले. मांडवात, पेट्रोमॅक्सच्या उजेडात, त्यांनी अग्निसरोवराचं वर्णन केलं आणि शुभवार्ता पोचण्याआधी मेलेले आपले वाडवडील तिथेच आहेत, असं ठासून सांगितलं. आपण वेळेवर उठलो नाही तर आपणही तिथेच जाणार. पुष्कळ लोक रडत पुढे गेले. माझी आत्या पण गेली. आजी मात्र सतरंजीवरून हलली नाही. तिने पदर डोक्यावर नीट ओढून घेतला आणि हातातल्या पुस्तकाची मिटलेली पानं अंगठ्याने दाबून धरली.

आपल्या वाट्याची भाकरी लेकराला देऊन जो उपाशी मेला, त्याला देव कायमचा जाळत ठेवतो, हे मला पटलं नाही आणि आजही पटत नाही. पुण्याला कॉलेजात गेल्यावर मी प्रभुभोजन घेणं थांबवलं. उपासनेला जायची, मागच्या बाकावर बसायची आणि भाकर व द्राक्षरस वाटायची वेळ झाली की बाहेर पडायची. कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर माझ्याजवळ उत्तर नव्हतं, नुसता राग होता.

पंडिता रमाबाईंची पत्रं मला त्याच काळात मिळाली. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने 1977 साली काढलेलं ते पुस्तक कॉलेजच्या ग्रंथालयात होतं. आम्हाला रमाबाई ठाऊक होत्या त्या केडगावच्या मुक्ती मिशनच्या. पांढरी साडी, अनाथ मुली, बायबलचं भाषांतर, अढळ श्रद्धा. पत्रांतली बाई वेगळी होती. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेजला तिने बाप्तिस्मा घेतला आणि दोन वर्षांच्या आत ती आपल्या आध्यात्मिक आईशी, सिस्टर जेराल्डीनशी, उघड वाद घालत होती. वय सत्तावीस. देश परका, पदरात लहानगी मनोरमा, राहणं-शिकणं सगळं त्याच लोकांच्या आधारावर. तरी त्रैक्याचा सिद्धान्त आणि चर्चच्या अधिकाराचा प्रश्न ती सोडायला तयार नव्हती. आपल्याकडच्या पुरोहितांचं जोखड मी मोठ्या कष्टाने मानेवरून काढलं आहे, आता दुसऱ्या पुरोहितांचं घालून घेणार नाही, अशा आशयाचं तिने लिहिलं. आणि ज्या सिस्टरला ती प्रेमाने आजीबाई म्हणे, तिला तिने हेही सुनावलं की तुम्ही या धर्मात जन्मलात, धर्म निवडण्याच्या अनुभवातून तुम्ही गेलेला नाहीत.

ते वाक्य मला लागलं, कारण मी जेराल्डीनच्याच बाजूला मोडत होते. निवड केली होती माझ्या पणजोबांनी. जन्माने नेमून दिलेली जागा, तीवर धर्माचा शिक्का, हे सगळं त्यांनी तपासलं आणि नाकारलं. गावाने पाणी तोडलं, भाऊबंदांनी बोलणं टाकलं, तरी ते मागे फिरले नाहीत. त्यांनी शोधलेलं उत्तर आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जपलं गेलं. मात्र त्यांनी केलेला शोध आमच्यापैकी कुणी पुन्हा केला नव्हता. रमाबाईंचं पुढे काय झालं तेही मी वाचलं. त्या शंकेत अडकून राहिल्या नाहीत. 1891च्या सुमारास त्यांना जो अनुभव आला, त्यातून त्यांची श्रद्धा अधिक साधी आणि ठाम झाली, आणि माझ्या या प्रश्नाचं त्यांनी कदाचित त्या प्रचारकांसारखंच उत्तर दिलं असतं. ते त्यांनी स्वतः शोधून मिळवलेलं असतं, म्हणून मी त्याचा मान ठेवते. तरी ते मला उसनं घेता येत नाही.

मग मी वाचत गेले. हा प्रश्न पहिल्यांदा विचारणारी मी नव्हते, हे कळल्यावर मला फार धीर आला. जुन्या गोव्यात बॉम जीझसच्या बॅसिलिकेत ज्यांचं शव ठेवलेलं आहे, ते सेंट फ्रान्सिस झेवियर 1549 ते 51 या काळात जपानात होते. 1552च्या जानेवारीत कोचीहून लिहिलेल्या पत्रात ते सांगतात की नव्याने ख्रिस्ती झालेले जपानी लोक आपल्या मेलेल्या आईबापांसाठी रडत आणि त्यांना सोडवायचा काही उपाय आहे का, असं विचारत. झेवियर त्यांना सांगत की उपाय नाही. हे सांगताना त्यांचंही मन दुखत होतं, तेही त्यांनी लिहून ठेवलंय. मी त्या बॅसिलिकेत चांदीच्या पेटीसमोर उभी राहिले होते. आम्ही प्रॉटेस्टंट संतांची आराधना करत नाही. मी फक्त मनात म्हटलं, फादर, तुमचं मन दुखलं होतं ना, मग त्या दुखण्याचं तुम्ही ऐकायला हवं होतं.

आणि ते मधलं वाक्य. मतांगीकार प्रेषितांच्या नावाने ओळखला जातो, पण तो हळूहळू घडत गेला आहे. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला अक्विलेयाच्या रुफिनसने त्यावर टीका लिहिली, तीत तो स्पष्ट सांगतो की अधोलोकात उतरण्याचं वाक्य रोमच्या मंडळीच्या मतांगीकारात नाही. अमेरिकेतल्या मेथडिस्टांनी ते पुढे गाळलं. या वाक्याचा आधार म्हणून पेत्राचं पहिलं पत्र दाखवतात. बंदिवासातल्या आत्म्यांना ख्रिस्ताने घोषणा केली आणि मृतांनाही शुभवार्ता सांगितली गेली, असं त्यात आहे. चौथ्या शतकातले निसाचे ग्रेगरी तर शेवटी सगळी सृष्टी देवाकडे परत येईल या आशेपर्यंत गेले होते. थोड्याच काळाने ऑगस्टिनने कायमच्या शिक्षेचा जोरदार पुरस्कार केला. म्हणजे माझ्यासमोर फळ्यावर एका ओळीत आलेला विषय मंडळीच्या थोर माणसांत शतकानुशतकं चर्चेत होता.

संडेस्कूलच्या भिंतीवर नसलेलं चित्रही सापडलं. इस्तंबूलच्या कोरा चर्चमध्ये चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचं एक भित्तिचित्र आहे, त्याचा मोठा फोटो एका पुस्तकात होता. शुभ्र वस्त्रातला ख्रिस्त, एका हातात आदामाचा हात, दुसऱ्यात हव्वेचा, आणि दोघांना तो त्यांच्या शवपेट्यांतून बाहेर खेचतो आहे. खेचतोच आहे, त्याचे पाय रोवलेले आहेत, झगा मागे उडाला आहे. पायांखाली अधोलोकाची मोडलेली दारं आणि विखुरलेल्या किल्ल्या, कड्या, कुलुपं. त्या दोघांचा कुठे बाप्तिस्मा झाला होता? आजी तोवर गेली होती. ती असती तर तिच्या मांडीवर मी ते पान उघडून ठेवलं असतं.

मी पुन्हा प्रभुभोजन घेऊ लागले, पण त्याआधी स्वतःला काही गोष्टी विचारल्या. लूकच्या शुभवर्तमानात श्रीमंत आणि लाजर यांच्या मधली ओलांडता न येणारी दरी आहे, ती मी खोडू शकत नाही. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात मेंढरं आणि शेरडं वेगळी केली जातात आणि सार्वकालिक शिक्षेचा उल्लेख प्रभूच्याच तोंडी आहे. ते वाचताना मी घाबरते, आणि घाबरलं पाहिजे असं मला वाटतं. पण तिथे न्यायासनासमोर मतांगीकार विचारला जात नाही. भुकेल्याला खायला दिलंस का, तहानेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, एवढंच विचारलं जातं. आणि भाकरी देणाऱ्यांना तर आपण ती कुणाला दिली हे माहीतही नसतं. दौंड-मनमाडच्या भरावावरचा माणूस माझ्या मते त्यांतला आहे. हे माझं मत आहे, आणि ते चुकीचं ठरलं तर देवासमोर त्याचा जाब मी देईन. पाळकांवर किंवा एखाद्या ग्रंथकारावर मी ते ढकलणार नाही.

आता मी मोठ्या मुलांचा संडेस्कूलचा वर्ग घेते. गेल्या वर्षी एका मुलीने विचारलं, ‘बाई, माझी आई ख्रिस्ती नाही. ती कुठे जाणार?’ आमच्या मंडळीत आता अशी घरं पुष्कळ आहेत. मी तिला ‘देव न्यायी आहे’ एवढ्यावर सोडलं नाही. प्रभू अधोलोकापर्यंत गेला अशी आपली श्रद्धा आहे, म्हणून तो तुझ्या आईपर्यंत पोचणार नाही असं मला वाटत नाही. काही थोर ख्रिस्ती लोकांना वेगळं वाटतं, त्यांची कारणंही आपण वाचू, असं मी सांगितलं. काही पालकांना ते आवडलं नाही. तेव्हा मी काय मानते आणि काय शिकवते, ते कागदावर लिहिलं, खाली सही केली आणि पास्टोरेट कमिटीला दिलं.

बैठकीत एका वडीलधाऱ्या सभासदांनी शांतपणे विचारलं, ‘मग बाप्तिस्मा हवाच कशाला?’ प्रश्न रास्त होता. मी त्यांना रेव्हरंड टिळकांची आठवण करून दिली. बाप्तिस्मा घेतल्यावर बावीस वर्षांनी, 1917 साली, मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभा केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त त्यांना हवे होते. आणि स्वतःचा बाप्तिस्मा त्यांनी कधी हलका मानला नाही. मग माझ्या घरचं सांगितलं. माझ्या पणजोबांना बाप्तिस्म्याने ताठ मानेने उभं राहायला जागा दिली, नाव दिलं, मंडळी दिली. ते किती मोठं होतं हे माझ्या घरात कुणाला समजावून द्यावं लागत नाही. पण देवाने त्यांना त्या दिवसापासून ओळखायला सुरुवात केली, त्याआधी तो त्यांना आणि त्यांच्या वडिलांना ओळखत नव्हता, असं मी म्हणू शकत नाही. तसं मुलांनाही शिकवू शकत नाही.

ते गृहस्थ म्हणाले, ‘विचार करावा लागेल, ताई.’ कमिटीने अजून निर्णय दिलेला नाही. वर्ग चालू आहे, आणि त्या मुलीची आई तिला दर रविवारी चर्चच्या फाटकापर्यंत सोडायला येते.