लोखंडाचे आणि बर्फाचे गाव

मिशिगनमध्ये राहणाऱ्या मुलांना आपले गाव दाखवायला नकाशा लागत नाही. उजवा तळहात डोळ्यांसमोर धरला की झाला नकाशा तयार! अंगठ्याच्या बुडाशी डेट्रॉईट, आणि तिथेच आसपास आपण सगळे. पण बालमित्रांनो, मिशिगन एवढ्यावर संपत नाही. बोटांच्या टोकांपलीकडे पाणी आहे, पाण्यावर पाच मैलांचा मॅकिनॉ पूल आहे, आणि पूल ओलांडला की मिशिगनचा वरचा भाग सुरू होतो. आपल्या वर्गातली आम्ही चार कुटुंबे हिवाळ्याच्या सुट्टीत तिकडे जाऊन आलो. डब्यात पुऱ्या आणि बटाट्याची भाजी होती, आणि मुलांचे "अजून किती?" सारखे चालू होते. आम्ही पाहिले ते इश्पेमिंग नावाचे छोटे गाव.

'इश्पेमिंग' हा शब्द तिथल्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे ओजिब्वे लोकांच्या भाषेतला. त्याचा अर्थ 'उंचावर'. १८४४ साली विल्यम बर्ट नावाचे मोजणीदार या भागात जमीन मोजत होते. शेजारच्या निगॉनीजवळ त्यांच्या माणसांच्या होकायंत्राची सुई एकाएकी वेड्यासारखी भलतीकडे वळू लागली. जमिनीत लोखंड होते! मग खाणी निघाल्या, आगगाडी आली, आणि खाणीत काम करायला इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधून, नॉर्वे, स्वीडन, फिनलंड, इटलीमधून माणसे आली. १९०० च्या जनगणनेत गावात १३,००० हून जास्त लोक होते. आज ६,००० च्या थोडे वर आहेत.

गावात क्लिफ्स शाफ्ट नावाच्या जुन्या खाणीचे संग्रहालय आहे. १९६७ साली बंद झालेल्या या खाणीवर १९१९ चे काँक्रीटचे दोन उंच मनोरे अजून उभे आहेत. दिसतात मिसर देशातल्या दगडी स्तंभांसारखे, पण त्यांचे काम होते माणसे आणि खनिज खाली-वर नेण्याचे! तिथले लालसर दगड पाहून आमच्यातल्या एका आईला गोव्यातल्या डिचोलीची लाल धूळ आठवली. खाणीत जाणारे कामगार डब्यात 'पॅस्टी' नेत. ती कॉर्नवॉलच्या लोकांनी आणली. आकार थेट आपल्या करंजीचा, पण सारण मांस, बटाटा आणि कांद्याचे. आम्ही भाजीची पॅस्टी शोधून खाल्ली. मुलांचे मत पडले, "तिखट हवी होती."

हे काम किती धोक्याचे होते ते बार्न्स-हेकर खाणीच्या हकिगतीवरून कळते. ३ नोव्हेंबर १९२६ रोजी गावाच्या पश्चिमेकडील या खाणीत अचानक पाणी आणि चिखल घुसला. ५१ माणसे दगावली. एकच कामगार सुमारे ८०० फूट शिडी चढून जिवंत वर आला. बहुतेकांचे देह कधीच बाहेर काढता आले नाहीत, आणि खाण कायमची बंद केली गेली. हे ऐकताना आमची बडबडी मुलेसुद्धा गप्प झाली.

असे दिवसभर जमिनीखाली राबणारे गाव सुट्टीच्या दिवशी काय करत असेल? आकाशात उडत असे! नॉर्वेच्या लोकांनी येताना स्की आणली होती. १८८७ साली त्यांनी इथे स्की क्लब काढला आणि पुढच्याच वर्षी स्पर्धा भरवली. २१ फेब्रुवारी १९०५ रोजी याच गावात अमेरिकेची राष्ट्रीय स्की संघटना स्थापन झाली. पहिले अध्यक्ष कार्ल टेलेफसन हे नॉर्वेहून आलेले गृहस्थ. म्हणूनच स्कीपटूंचे राष्ट्रीय सन्मान-संग्रहालय कुठल्या मोठ्या शहरात नसून या चिमुकल्या गावात आहे.

इश्पेमिंग आणि निगॉनी यांच्यामध्ये उडीची मोठी टेकडी आहे. तिचे नाव 'सुइसाइड हिल'. एक खेळाडू जखमी झाल्यावर वर्तमानपत्रवाल्याने दिलेले हे नाव चिकटले ते चिकटलेच. उंच उतारावरून वाकून घसरत यायचे, टोकाला झेप घ्यायची आणि पुढे झुकून हवेत तरंगायचे. उडी किती लांब आणि किती डौलदार, दोन्हीला गुण! गावातल्या बिएटिला घराण्यातले सहा भाऊ तर 'उडते बिएटिला' म्हणूनच प्रसिद्ध होते. वॉल्टर आणि राल्फ ऑलिंपिकपर्यंत पोहोचले. पॉल मात्र १९३९ साली उडीत झालेल्या अपघातामुळे गेला. त्यानंतरही राल्फ १९४८ आणि १९५२ च्या ऑलिंपिक संघांत होता. त्या घराने हे कसे सोसले असेल, याचा आम्ही परतीच्या वाटेवर बराच वेळ विचार करत होतो.

मोठ्या टेकडीशेजारी लहान मुलांसाठी लहान लहान टेकड्याही आहेत. आम्हाला सगळ्यात जास्त आवडल्या त्या याच. खाणी एकामागून एक बंद पडल्या. जवळची एम्पायर खाणही २०१६ मध्ये थांबली, आता टिल्डन चालू आहे. पण खेळ टिकला, कारण प्रत्येक पिढीने आपल्या पोरांना आधी छोट्या टेकडीवर उभे केले.

भाषेचे मात्र तसे झाले नाही. याच गावात १९१२ साली जन्मलेले ग्लेन सीबोर्ग घरी स्वीडिश बोलत वाढले आणि १९५१ साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळवून आले. घरच्या भाषेने त्यांचे काही अडले नाही, हे आपल्या घरांतल्या "इंग्रजी मागे पडेल का?" या काळजीला उत्तरच आहे. तरीही अशा घरांतली नातवंडे पुढे इंग्रजीतच बोलू लागली. फिनलंडच्या लोकांनी तर १८९६ साली हॅनकॉक गावी स्वतःचे कॉलेज काढले होते. २०२३ साली तेही बंद झाले. राहिला एक शब्द. घामाच्या गरम खोलीला आपण 'सॉना' म्हणतो, पण तिथली माणसे लगेच दुरुस्त करतात, "साउना!" आजी-आजोबांचा उच्चार त्यांनी अजून सोडलेला नाही.

एक शब्द टिकला हे कौतुकाचे. पण एकच टिकला, हे आम्हा पालकांच्या मनाला लागले. मुलांनो, आपला रविवारचा वर्ग ही आपली छोटी टेकडी आहे. पुढच्या रविवारी प्रत्येकाने घरातला असा एक मराठी शब्द आणावा, ज्याला इंग्रजीत जोडीदार सापडत नाही. फळ्यावर सगळे लिहून काढू. जागा अपुरी पडली तर दुसरा फळा आणू!