शब्दांची खतावणी

इंग्रजी बोलता येणे आणि इंग्रजी तोलून वापरता येणे, यांत बरेच अंतर आहे. केंब्रिजच्या ‘सी-वन ॲडव्हान्स्ड’ परीक्षेतील व्याकरण व शब्दसंपदेचा भाग ते अंतर स्पष्ट दाखवतो. वाचन आणि भाषावापर यांची ही एकत्रित प्रश्नपत्रिका 90 मिनिटांची असून तीत 56 प्रश्न असतात. त्यांपैकी पहिले 30 प्रश्न, म्हणजे 36 गुण, या भागाचे.

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या, व्यापारी घरातील एका मुलीचा परदेशी विद्यापीठातील प्रवेश या परीक्षेवर अवलंबून होता. तिने दोन महिने शब्दांच्या याद्या पाठ केल्या. सराव परीक्षेत मात्र 36 पैकी 14 गुण पडले. शब्द ओळखीचे होते, तरी उत्तरे चुकली होती. घरात तिच्या शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाची बोलणी चालू होती. त्यामुळे तो आकडा तिला अधिकच जड वाटला.

तिची वही पाहून आजोबा म्हणाले, “बाळ, हा तुझा रोजमेळ झाला. खतावणी कुठे आहे?” रोजमेळात व्यवहार आले त्या क्रमाने लिहिले जातात; कोणाशी कसा व्यवहार आहे, हे खतावणी सांगते. मुलीने नवी वही घेतली आणि प्रत्येक शब्दाचे स्वतंत्र पान उघडले.

मराठीत कर्ज काढतात आणि फेडतात. ‘कर्ज बनवले’ असे कोणी म्हणत नाही. तसेच इंग्रजीत पाऊस ‘हेवी’, चहा मात्र ‘स्ट्राँग’. निराशा तीव्र असेल तर ‘डिसअपॉइंटेड’च्या आधी ‘बिटरली’ येते. पहिल्या भागातील चार पर्यायांतून नेमका शब्द निवडताना हीच सोबत ओळखावी लागते. दुसऱ्या भागात पर्याय नसतात. तेथे ‘अ’, ‘द’, ‘ऑन’ यांसारखे लहान शब्द परीक्षा पाहतात. मराठीत एखाद्या विषयावर चर्चा होते, म्हणून ‘डिस्कस’पुढे ‘अबाउट’ लावण्याचा मोह होतो. इंग्रजीला तो मान्य नाही.

तिसऱ्या भागासाठी तिने ‘रिलाय’च्या पानावर ‘रिलायेबल’, ‘अनरिलायेबल’, ‘रिलायन्स’ असे सारे कुटुंब मांडले. एक उपसर्ग विसरला, तर बेभरवशाचा माणूस विश्वासू ठरतो आणि गुणही जातो. चौथ्या भागात दिलेला शब्द न बदलता तीन ते सहा शब्दांत तोच अर्थ पुन्हा सांगायचा असतो. येथे ‘डोन्ट’ हे संक्षिप्त रूप दोन शब्द मोजले जाते. या सहा प्रश्नांना प्रत्येकी दोन गुण असल्याने ती रोज दोनच वाक्ये, पण पूर्ण समजून, सोडवू लागली. चुकलेले उत्तर खोडून टाकण्याऐवजी चुकीचे कारण त्या शब्दाच्या पानावर लिहू लागली. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही जागा रिकामी ठेवायची नाही, हेही तिने ठरवले.

पुढच्या सराव परीक्षेत 27 गुण आले आणि मुख्य परीक्षेत प्रवेशाची अट पूर्ण झाली. वहीत पाठ केलेल्या याद्यांपेक्षा कितीतरी कमी शब्द होते. पण त्यांतील प्रत्येकाचा व्यवहार तिला ठाऊक होता.