४१७ नंबर कोणाचा?

ओळखीतल्या एका कापड व्यापाऱ्याच्या दोन पेढ्या आहेत. दोन्हीकडे एसक्यूएल सर्व्हर वेगळा, बिलांचं सॉफ्टवेअर मात्र एकच, मी लिहिलेलं. मालकांना घरच्या संगणकावरून दोन्ही पेढ्या हव्या होत्या. "नुसता पत्ता बदलायचा ना?" ते म्हणाले.

पत्ता बदलणं सोपंच आहे. कनेक्शन स्ट्रिंगमध्ये सर्व्हरचं दुसरं नाव घातलं की झालं. पण आधीपासून उघड्या असलेल्या विंडोंचं काय? त्यांत जुन्या सर्व्हरवरून आणलेली गिऱ्हाइकांची यादी तशीच असते. आणि खाते क्रमांक तर प्रत्येक सर्व्हर आपापला, एकापासून देत जातो. म्हणजे ४१७ नंबर इथे शिंप्याचा, तिथे फेरीवाल्याचा. पडद्यावर नाव शिंप्याचं दिसणार आणि उधारी चढणार फेरीवाल्यावर. सर्व्हर तक्रारही करणार नाही, कारण ४१७ तिथेही आहेच. फेरीवाला कुठे पावत्या जपून ठेवतो? संगणकाचा आकडा तो खोटा कसा ठरवणार?

म्हणून माझं सॉफ्टवेअर सर्व्हर बदलताना अर्धवट बिल आधी पूर्ण करायला लावतं, मग सगळ्या विंडो बंद करून नव्याने लॉगिन मागतं. वर पेढीचं नाव ठळक दिसतं, तेही सेटिंगच्या फाइलमधून नाही, त्या त्या डेटाबेसमधूनच वाचलेलं. (फाइल काय, कुणीही बदलतं.)

दर वेळी पासवर्ड टाकायचा म्हणून मालक कुरकुरले. मुनीमचाचांनी मात्र दुसऱ्या पेढीसाठी पडद्याला हिरवा रंगही मागून घेतला.