काडीवाला पोरगा

नागपूरहून वर्ध्याकडे येताना सेलू तालुक्यात केळझर लागतं. टेकडीवर सिद्धिविनायकाचं देऊळ आहे, विदर्भाच्या अष्टविनायकांतलं एक. आमच्या भागात मात्र केळझरची ओळख त्याआधीची: हीच महाभारतातली एकचक्रानगरी, आणि भीमानं बकासुराला मारलं ते इथंच. खानदेशात एरंडोलचे लोकही एकचक्रा आपलीच म्हणतात, बंगालातही त्या नावाचं गाव आहे. लहानपणी हे आम्हाला कोणी सांगितलं नाही, ते बरंच झालं. आमच्या शेजारच्या टेकडीत राहणारा राक्षस आमचा एकट्यांचा होता.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. उन्हाळ्यात अंगणात बाजा पडायच्या, आणि आजी बकासुर सांगायची. गाडाभर भात, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा एक माणूस, एवढं त्याचं जेवण. त्याचे दात, रंग, उंची यांतलं आजी काहीच सांगत नसे. त्यामुळे प्रत्येकाचा बकासुर निराळा. मोठ्या भावाचा रेड्यासारखा काळाभोर होता. चुलतबहिणीचा हाडकुळा, तिचं म्हणणं, ज्याची भूक भागतच नाही तो जाडा होईलच कसा? माझ्या बकासुराला तोंडच नव्हतं. तो टेकडीला पाठ लावून बसलेला असायचा आणि फक्त त्याचा हात दिसायचा. यावरून आमची भांडणं जुंपत. आजीकडे निवाडा मागितला की ती म्हणे, "ज्याले जसा दिसला तसा. झोपा आता, पोट्टेहो."

चित्रं तेव्हाही होती. चांदोबा 1952 पासून मराठीत निघत होता आणि आमच्याही गावात तो हातोहात फिरायचा. शंकर या चित्रकारानं त्यातला खांद्यावर प्रेत टाकून तलवार घेऊन चालणारा विक्रम असा काढला होता, की महाराष्ट्रभरच्या मुलांच्या मनात तो एकच विक्रम बसला. आता मागं वळून पाहताना एक गोष्ट जाणवते. विक्रम कसा दिसतो, यावर आम्ही कधीच भांडलो नाही. भांडलो ते बकासुरावरून, आणि त्याहूनही जास्त त्या पोरावरून.

हे पोर आज फारसं कोणाला आठवत नाही. आदिपर्वात, बकवधाच्या आधी, पांडव ज्या ब्राह्मणाच्या घरी राहतात त्या घरावर राक्षसाकडे माणूस पाठवायची पाळी येते. बाप म्हणतो मी जातो. आई म्हणते मी जाते. मुलगी म्हणते, मला एक दिवस परक्या घरी द्यायचंच आहे, मीच जाते. तिघं रडत बसतात. तेवढ्यात बोबडं बोलणारा धाकटा मुलगा एकेकाजवळ जातो, रडू नका म्हणतो, गवताची एक काडी उचलतो आणि सांगतो, हिनंच मी त्या राक्षसाला मारीन. इतक्या दुःखात सगळ्यांना हसू येतं. बस, एवढंच. पुढं तो कुठंच दिसत नाही.

आजी इथं थांबायची आणि पदरानं डोळे पुसायची. तिच्या दृष्टीनं हा पोरगा म्हणजे निव्वळ निरागसपणा, देवानं दुःखात ठेवलेला गोडवा. सप्ताहात येणारे एक कीर्तनकार त्याला शकुन मानत. पोराच्या तोंडून देव बोलला, म्हणूनच लगेच कुंती पुढं आली, असं ते रंगवून सांगत. आईला हा प्रसंग सहनच होत नसे. एवढ्याशा लेकरापुढं मरणाची बोलणी करू नयेत, असं ती दरवेळी म्हणायची. वडील कापसाचे शेतकरी, बोलणं मोजकं. ते एकदाच बोलले आणि ते मला आजवर पुरलं: "घरातले सारे मराले निघाले होते. माराची गोष्ट करनारा तो एकटाच."

दोन-चार ओळींचं पात्र, आणि आमच्या एका घरात त्याचे चार पोरगे झाले. व्यासांनी त्याला नाव दिलं नाही, वय दिलं नाही, म्हणूनच प्रत्येकाला आपलं काही त्यात घालता आलं.

पुढं वाचनालयातून महाभारताचं सविस्तर भाषांतर आणून वाचलं, तेव्हा गोष्ट आणखी खोल गेली. तिथला राजा दुबळा असतो आणि शत्रूपासून त्या मुलखाचं रक्षण बकासुरच करत असतो. भात, रेडे आणि माणूस हा त्याचा मोबदला. ब्राह्मण बायकोला म्हणतो, मी किती वेळा म्हटलं गाव सोडू, पण तुझा जन्म इथला, तुझे आईवडील इथले, तू ऐकलं नाहीस. शेत आणि घर सुटत नाही म्हणून संकटात बसून राहिलेली माणसं आमच्या जिल्ह्यात कोणी पाहिली नाहीत? त्या वाचनानंतर काडीवाला पोरगा मला जास्त जवळचा वाटू लागला.

आज नातवंडांच्या हातात मोबाइल आहे. त्यावर बकासुर पाच मिनिटांत येतो आणि मरतो. तो दरवेळी हिरवट, शिंगांचा, सुळ्यांचा. भीमाचे घास आणि कुस्ती भरपूर, पण ब्राह्मणाच्या घरातली रात्र नाही आणि पोरगाही नाही. पडद्यावर छोट्या पात्रांचं असंच होतं. टोल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला टॉम बॉम्बाडिल हा असाच एक गाणारा, कोडं वाटणारा म्हातारा. तो कोण, यावर वाचकांनी वर्षानुवर्षं वाद घातले. टोल्किननं 1954 च्या एका पत्रात लिहिलं, की काही कोडी राहिलीच पाहिजेत आणि हे त्यांपैकी एक, मुद्दाम ठेवलेलं. 2001 च्या चित्रपटात त्याला जागाच मिळाली नाही. मुग्धा कर्णिकांच्या 'स्वामी मुद्रिकांचा' या मराठी भाषांतरात तो भेटतो. माझी नात हॅरी पॉटरची वेडी आहे. सिनेमात पीव्ह्ज हा खोडकर भुताटकीवाला नाही, याचा तिला अजून राग येतो, कारण तिनं तो वाचला आहे.

म्हणून आजच्या मुलांना कल्पना करता येत नाही, हे मला मान्य नाही. गेल्या उन्हाळ्यात मी नातवंडांना मोबाइल बाजूला ठेवायला लावून ही गोष्ट सांगितली, काडीसकट. नात म्हणाली, "आजोबा, त्यानं सगळं ऐकलं होतं. तो घाबरला होता, म्हणून तसं बोलला." धाकटा नातू उसळून म्हणाला, "नाही, तो खरंच मारणार होता. काडी डोळ्यात घालता येते." मग जी जुंपली ती जेवणापर्यंत. आमच्या अंगणात निघाला नव्हता असा पाचवा आणि सहावा पोरगा त्या संध्याकाळी निघाला.

तेव्हा गोष्ट आधी यायची आणि चित्र ज्यानं त्यानं काढायचं. आता चित्र आधी येतं. 2022 च्या डिसेंबरात समृद्धी महामार्ग सुरू झाल्यापासून आमच्या तालुक्यातून भरधाव गाड्या जातात, त्यांतल्या कितीतरी केळझरला वळतच नाहीत. तुम्ही वळा. मुलं सोबत असतील तर टेकडी चढताना त्यांना बकवधाची गोष्ट पूर्ण सांगा, आईबापांच्या भांडणासह, गवताच्या काडीसह. पोरगा कसा होता हे मात्र सांगू नका, त्यांना विचारा.