माझं सेंट आणि लोकांचं नाक

मैत्रिणींनो, तुमच्या कपाटात कोणकोणते वास आहेत, जरा आठवून बघा. साड्यांच्या घड्यांत वाळ्याची जुडी, नाहीतर डांबराच्या गोळ्या. आरशापुढे टाल्कम पावडरचा डबा. हळदीकुंकवाच्या तबकात अत्तरदाणी नि गुलाबदाणी. आणि दिवसभर आपल्या अंगाला जो खरा वास असतो तो फोडणीचा! तो कुठल्या दुकानात मिळत नाही आणि साबणाने जातही नाही.

लग्न झालेल्या बाईने कुठला सुवास लावावा याचीही एक न लिहिलेली यादी आहे. मोगरा चालतो, गुलाब चालतो, चंदन तर चालतंच चालतं. त्याच्या बाहेर पाऊल टाकलं, की "काय बाई, काहीतरीच!" असं ऐकायची तयारी ठेवायची.

माझ्याकडे या यादीबाहेरचं सेंट आलं ते भाऊबीजेची ओवाळणी म्हणून. धाकटा भाऊ पुण्यात नोकरीला असतो. मी ओवाळल्यावर त्याने ताटात एक चौकोनी बाटली ठेवली आणि म्हणाला, "ताई, हेच मीही लावतो. बाईमाणसांचं, पुरुषांचं असं काही नाही यात. युनिसेक्स आहे." खोक्यावर वाचलं तर त्यात रमचा गंध, दालचिनी, लवंग, तंबाखूचं पान आणि व्हॅनिला! मी म्हटलं, "अरे, मी घरसंसारी बाई, शाळेत मुलांना शिकवते, आणि रमचं सेंट लावू?" तो म्हणाला, "आधी लावून तर बघ."

लावलं. पहिली दहा मिनिटं नाकाला गोड, थोडा झोंबणारा असा वास आला, मनुका भिजत घातल्यासारखा. मग दालचिनी-लवंग पुढे आली, मसाल्याचा डबा उघडल्यावर येते ना तशी. आणि संध्याकाळी, जेव्हा मी लावलेलं विसरूनही गेले होते, तेव्हा पदराला एक उबदार, दाट गोडवा उरलेला होता. सेंटचं असंच असतं. त्यातली जी द्रव्यं लवकर उडतात ती आधी येऊन जातात, आणि व्हॅनिलासारखी जड द्रव्यं मागाहून तासन् तास रेंगाळतात. म्हणून दुकानात पहिला फवारा हुंगून बाटली घेणं म्हणजे नुसता साखरपुडा पाहून संसाराचा अंदाज करणं!

त्या संध्याकाळी सासूबाई देवापुढे दिवा लावून बाहेर आल्या आणि थबकल्या. म्हणाल्या, "सूनबाई, काकवी उकळतेय का गं कुठं?" त्यांचं माहेर पन्हाळ्याच्या बाजूचं, घरचं गुऱ्हाळ होतं. माझं मनगट नाकाशी धरून त्या किती तरी वेळ बोलत बसल्या. चुलवाणावरची मोठी काहील, रस निवळायला त्यात घालायची भेंडीची झाडं, वर येणारी मळी झाऱ्याने काढणारा गुळव्या, आणि गूळ व्हायच्या आधी तांब्यात काढून घेतलेली गरम काकवी. मी जरा भीतभीतच सांगितलं, "आई, याला रमचा वास म्हणतात." त्या मोठ्याने हसल्या. "म्हणेनात! उसाचंच पोर ते, वाया गेलेलं!"

आणि मैत्रिणींनो, त्यांचं म्हणणं शब्दशः खरं आहे. साखर कारखान्यात उसाच्या रसातून साखरेचे दाणे काढून घेतले, की मागे काळा, दाट पाक उरतो. तीही मळीच. ती आंबवायची, तिचा अर्क उतरवायचा आणि तो ओक झाडाच्या लाकडी पिंपात मुरत ठेवायचा, की रम होते. रमला जो व्हॅनिलाचा गंध येतो, तो त्या लाकडातून उतरतो. व्हॅनिलाच्या शेंगेतलं व्हॅनिलिन हे द्रव्य मुरता मुरता लाकडातूनही सुटतं. सेंटच्या बाटलीत मात्र बहुतेक वेळा रम नसतेच. निरनिराळ्या सुगंधी द्रव्यांच्या मिश्रणातून तिचा नुसता भास उभा केलेला असतो. आपण केशरी रंग घालून जिलेबीत केशराचा भास आणतो, तसंच!

घरी असं कौतुक झालं, तर शाळेत वेगळंच. मी तासिका तत्त्वावर शिकवते. दर वर्षी जूनमध्ये आपले तास राहतील की जातील, याची धाकधूक असते. आमच्यासारख्यांना नोकरीत नाव सांभाळावं लागतं ते कायम असलेल्यांपेक्षा जास्त. एका सकाळी मस्टरवर सही करताना एक सहकारी सर सगळ्यांसमोर म्हणाले, "काय बाई, काल रात्री पार्टी झाली वाटतं?" दोघीतिघी हसल्या. एकीने नाक मुरडलं. मी सेंटचं नाव सांगितलं तरी हसू थांबेना. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकाबाईंचा निरोप आला, मधल्या सुट्टीत भेटून जा.

खरं सांगते, पोटात गोळा आला. बाईच्या अंगाला दारूचा वास येतो, हे वाक्य गावात एकदा सुटलं की ते परत बाटलीत भरता येत नाही. पुरुषाच्या बाबतीत त्याची मस्करी होते, बाईच्या बाबतीत बोभाटा. आणि गंमत बघा, ते सर स्वतः दिवसातून चार वेळा तंबाखू मळतात. तो वास मात्र स्टाफरूमच्या भिंतींना इतका सवयीचा, की कुणाच्या नाकाला जाणवतच नाही!

मी बाटलीच बरोबर नेली होती. रुमालावर एक थेंब घेऊन मुख्याध्यापिकाबाईंपुढे ठेवला. आणि मी इतिहासाची बाई असल्यामुळे थोडा इतिहासही सांगितला. तुम्हांलाही सांगते, उपयोगी पडेल.

लहानपणी ताप आला, की आई कपाळावर कोलनवॉटरच्या घड्या ठेवायची, आठवतं? ते कोलनवॉटर म्हणजे जर्मनीतल्या कोलोन गावचं पाणी. योहान मारिया फारिना या मूळच्या इटालियन माणसाने अठराव्या शतकात ते तिथे बनवायला सुरुवात केली. त्याचं ते पाणी पुरुषही लावायचे, बायकाही. युनिसेक्स हा शब्द तेव्हा जन्मलाही नव्हता. १९९४ साली अमेरिकेत 'सीके वन' नावाचं सेंट स्त्री-पुरुष दोघांसाठी म्हणून आलं आणि खूप गाजलं, तेव्हा लोकांना ते नवलाचं वाटलं. पण आपल्याकडे काय नवल? लग्नाच्या मांडवात हातावर अत्तर लावणारा माणूस वरमाय कोण आणि व्याही कोण हे बघून बाटली बदलतो का? हिना, केवडा, खस यांना कुणी पुरुषांचं-बायकांचं म्हणत नाही.

रम आणि सुगंध यांचं नातंही काही आजचं नाही. वेस्ट इंडीज बेटांवर एक झाड होतं, आपल्या जांभळाच्या आणि लवंगेच्या कुळातलं. त्याची पानं रममध्ये घालून अर्क काढत, त्याला म्हणतात 'बे रम'. लवंगेत जे युजेनॉल असतं तेच या पानांतही असतं, म्हणून वास लवंगेच्या जवळचा. एकोणिसाव्या शतकात तो अर्क दूरदूरच्या न्हाव्यांच्या दुकानांत पोचला. दाढी झाल्यावर गालांना रम चोळलेली पुरुषांना चालत होती!

आणि शेवटचं, ज्याने बाई हसल्या, ते आपल्याच इलाख्यातलं. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याविरुद्ध एफ. एन. बालसारा नावाचे गृहस्थ न्यायालयात गेले. व्हिस्की, ब्रँडी आणि बिअर यांच्या जोडीने कोलनवॉटर आणि लव्हेंडरचं पाणीही आपल्याला बाळगू द्यावं, असं त्यांचं मागणं होतं. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने दारूबंदी तर कायम ठेवली, पण मद्यार्क असलेली औषधं आणि प्रसाधनं यांच्यावरची बंदी घटनेला धरून नाही असं ठरवलं. म्हणजे सेंट हे सेंट आणि दारू ही दारू, हा निकाल देशाच्या न्यायालयाने तेव्हाच देऊन ठेवलेला आहे.

बाईंनी रुमाल परत केला. म्हणाल्या, "वास छान आहे. पण वर्गात पन्नास मुलं कोंडलेली असतात. तिथे कुठलाच उग्र वास नको. तुमचं सेंट नको, कुणाचा भरगच्च गजरा नको आणि कुणाची तंबाखूही नको." आणि दुसऱ्या दिवशी ते वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या. मला तो नियम पटला, कारण तो सगळ्यांना सारखा होता. आता शाळेच्या दिवशी मी सेंट लावत नाही, सरही तंबाखू मळायला फाटकाबाहेर जातात. माझे तासही राहिले.

पण एका नाकापुढे मी आपणहून माघार घेतली, ते सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी व्हायची नाही. आमच्याकडे धुणंभांडं करायला मावशी येतात. एका रविवारी मी सकाळीच सेंट लावलं होतं. चहाचा कप द्यायला जवळ गेले, तशा त्या एकदम मागे सरल्या. खांदे आकसले, मान खाली गेली. मग ओशाळून म्हणाल्या, "वैनी, ह्यो वास नगं वाटतो. रातीचं आठवतं." एवढंच बोलल्या. त्यांच्या हातावरचे वळ मी पूर्वी पाहिले होते, पण रात्र म्हणजे काय असतं ते मला त्यांच्या त्या आकसलेल्या खांद्यांनी सांगितलं.

त्यांना मी ना काकवीची गोष्ट सांगितली, ना न्यायालयाची. बाटलीत रम नाही हे त्यांना पटवून काय होणार होतं? वासाला युक्तिवाद कळत नाही. तो थेट आठवणीच्या घरात शिरतो. सासूबाईंना त्याने माहेरच्या गुऱ्हाळावर नेलं, मावशींना त्याच वासाने दाराची कडी वाजायची वाट बघत बसवलं. त्या दिवसापासून मावशी काम आटोपून गेल्या, की मगच मी बाटली उघडते. आणि त्या दिवशी बोलणं निघालंच म्हणून पुढेही काढत राहिले. हल्ली त्या मला थोडं थोडं सांगतात. एकदा तर आमच्याकडे राहिल्याही. सेंटने एवढं तरी केलं.

तर मैत्रिणींनो, मला उमगलं ते असं. नाकं दोन प्रकारची असतात. एक नाक मुरडणारं आणि एक भेदरलेलं. मुरडणाऱ्या नाकासाठी आपली बाटली फेकायची नाही, भेदरलेल्या नाकासाठी मात्र न सांगता बाजूला ठेवायची. यादी मोडायची हिंमत हवी तशी ही समजही हवी.

आता तुमच्यापैकी कुणाला असं मसालेदार सेंट घ्यावंसं वाटलंच, तर चार घरगुती गोष्टी सांगते.

पहिली महत्त्वाची. सेंटमध्ये मद्यार्क असतो आणि तो पेट घेतो. फवारा मारून लगेच गॅसपाशी किंवा निरांजनापाशी जाऊ नका. पाच-दहा मिनिटं जाऊ द्या.

घेण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब लावून दिवसभर बघा. खाज किंवा लाली आली तर नाद सोडा. दुकानात मनगटावर लावून अर्धा तास बाजारहाट करा आणि मग परत हुंगा.

रेशमी साडीवर, जरीवर फवारा नको, डाग पडतो. मोत्यांनाही तो मानवत नाही. सेंट आधी, मोती मागून. अंगाला बिनवासाचं क्रीम लावून त्यावर सेंट लावलं तर जास्त टिकतं. मनगटं एकमेकांवर घासू मात्र नका.

हे गोड, मसाल्याचे वास थंडीतल्या संध्याकाळी खुलतात. मे महिन्यात दोन फवाऱ्यांऐवजी एकच पुरे, नाहीतर आपलंच डोकं चढतं. मोगऱ्याचा गजरा आणि हे सेंट एकाच दिवशी नको, दोन सवती एका खोलीत नांदत नाहीत. बाटली न्हाणीघरात किंवा खिडकीत ठेवू नका. ऊन आणि दमट हवा दोन्ही तिचे वैरी. कपाटातला अंधारा कोपरा उत्तम.

आणि हो, एक सूचना आमच्या ह्यांच्यामुळे. युनिसेक्स सेंट घेतलंत तर मोठी बाटली घ्या. माझी निम्मी दिवाळीआधीच संपली, आणि बँकेत ह्यांच्या मनगटाला कसला छान वास येतो म्हणून सगळे विचारतात म्हणे. ह्यांना पार्टीबद्दल अजून कुणी विचारलेलं नाही!