सांतुर्सेची ओल्गा आणि तिच्या दोन चाली

सान हुआनला येणारा प्रवासी बहुधा जुन्या शहरातच रमतो. निळसर फरशीचे अरुंद रस्ते, रंगीत घरे आणि समुद्राच्या तोंडावर उभा असलेला एल मोरोचा किल्ला सोडून त्याचा पाय निघत नाही. मीही पहिले दोन दिवस तेच केले. तिसऱ्या दिवशी मात्र बस धरून सांतुर्सेला गेलो. पोर्तो रिकोच्या राजधानीतली ही दाट वस्ती. फुटक्या पदपथाशेजारी नवी चित्रदालने, त्यांना लागून वाण्याची जुनी दुकाने. मला तिकडे ओढून नेले ते एका गायिकेने. ओल्गा तान्योन १९६७ साली याच सांतुर्सेत जन्मली. मेरेंगे गाऊन तिने नाव कमावले आणि ऐन भरात असताना ती संथ लॅटिन पॉपकडे वळली. ती का वळली, आणि इथल्या लोकांनी तिला काय म्हटले, हे मला तिच्या गावात फिरून समजून घ्यायचे होते.

मेरेंगे मुळात पोर्तो रिकोचे नव्हेच. ते शेजारच्या डोमिनिकन रिपब्लिकचे. मांडीवर आडवा धरलेला तांबोरा नावाचा ढोल एका बाजूने काठीने आणि दुसऱ्या बाजूने तळहाताने वाजवतात. सोबत ग्विरा. हे वाद्य म्हणजे पत्र्याच्या नळकांड्याला टोचे मारून केलेली किसणीच म्हणा ना! त्यावर तारांचा ब्रश घासला की खरखर असा अखंड ठेका निघतो. त्याला अकॉर्डियन किंवा सॅक्सोफोनची जोड मिळाली की बसलेला माणूस उठतो. हुकूमशहा त्रुहियोने १९३० ते १९६१ या आपल्या राजवटीत खेड्यातल्या या नाचगाण्याला राष्ट्रीय संगीताचा मान दिला. २०१६ साली युनेस्कोनेही त्याला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले.

दोन्ही बेटांमध्ये मोनाची सामुद्रधुनी आहे, सुमारे १३० किलोमीटर रुंद. पोटासाठी कित्येक डोमिनिकन माणसे लहान होड्यांतून ती ओलांडून आली आणि कित्येक वाटेतच बुडाली. जे पोचले त्यांतले बरेच सांतुर्सेतल्या बार्रियो ओब्रेरो, म्हणजे कामगारवाडीत, स्थिरावले. बांधकामावर, स्वयंपाकघरात, न्हाव्याच्या दुकानात त्यांनी कामे धरली. पोर्तो रिकोत त्यांना टोमणे खावे लागले, पण त्यांचे गाणे मात्र सगळ्यांनी डोक्यावर घेतले. माणूस नको आणि गाणे हवे, हा प्रकार सीमेवर राहणाऱ्या आपल्या वाचकांना वेगळा समजावून सांगायला नको.

ओल्गा याच लाटेवर वर आली. आधी बायकांच्या वाद्यवृंदांतून गायली. १९९२ साली ‘सोला’, म्हणजे ‘एकटी’, ही तिची स्वतंत्र ध्वनिमुद्रिका आली. भरदार, खर्जातला आवाज आणि रंगमंचावरचा झपाटा यांमुळे लोक तिला ‘आगीची बाई’ म्हणू लागले. मग १९९६ साली ‘नुएवोस सेन्देरोस’ आली. नावाचा अर्थच ‘नव्या पाऊलवाटा’. निर्माता मेक्सिकोचा मार्को अंतोनियो सोलीस, संथ भावगीतांचा बादशहा. त्याने रचलेले ‘बास्ता या’, म्हणजे ‘बस्स आता’, हे गाणे बिलबोर्डच्या लॅटिन यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. १९९८ साली कोलंबियाचा कीके सांतांदेर निर्माता होता आणि ‘ते आकोर्दारास दे मी’मध्ये पुन्हा पॉपचाच वळसा होता. हिशेब उघड होता. मेरेंगेचा बालेकिल्ला म्हणजे कॅरिबियन बेटे आणि न्यूयॉर्क. मेक्सिकोच्या आणि लॉस एंजलिसच्या मोठ्या बाजारात संथ गाणेच चालायचे.

बार्रियो ओब्रेरोतल्या एका खाणावळीत मी मांगू मागवला. हिरवी केळी उकडून, लोणी घालून केलेला लगदा आणि वर तळलेला कांदा. डोमिनिकन माणसाची ही न्याहारी. पोर्तो रिकोत हीच केळी तळून, लसूण आणि डुकराच्या कुरकुरीत कातडीसह लाकडी खलबत्त्यात कुटतात आणि त्याला मोफोंगो म्हणतात. मालक डोमिनिकन होता. ओल्गाचे नाव काढताच त्याने हात झटकला. आमचे गाणे घेऊन ती मोठी झाली आणि मोठी झाल्यावर ते गाणे तिला लहान वाटू लागले, असे त्याचे म्हणणे. पलीकडच्या टेबलावरची पोर्तो रिकन आजी लगेच उसळली. मेरेंगेत माणसे पायांनी ऐकतात, म्हणाली. ओल्गाचा आवाज कानांनी ऐकायला मिळाला तो संथ गाण्यांतच. तिच्या तारुण्यातल्या एका दुःखाला त्या गाण्यांनी आधार दिला होता म्हणे. कोणते दुःख ते तिने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

दोघांचेही पटले. मात्र मालकाच्या बोलण्यात पुढची गोष्ट राहून गेली होती. ओल्गा मेरेंगेकडे परतत राहिली. १९९९ च्या ‘ओल्गा विवा, विवा ओल्गा’ या प्रत्यक्ष मैफलीच्या ध्वनिमुद्रिकेला २००१ साली ग्रॅमी मिळाले तेही मेरेंगेसाठीच. २००१ च्या ‘यो पोर ती’मध्ये तर तिने ‘कोमो ओल्विदार’, म्हणजे ‘कसे विसरू’, हे एकच गाणे दोनदा गायले, एकदा संथ आणि एकदा मेरेंगेत. शब्द तेच, विरह तोच. एका चालीत बाई खिडकीशी बसून आठवते. दुसरीत तेच दुःख पायाखाली तुडवत नाचते. शेवटी केळी तीच. कुणी उकडतो, कुणी तळतो.

संध्याकाळी प्लासितावर गेलो. दिवसा इथे भाजीचा बाजार असतो आणि रात्री भोवतालच्या रस्त्यांवर नाच रंगतो. एका दारातून साल्सा, दुसऱ्यातून रेगेटोन आणि तिसऱ्यातून ग्विराची ती ओळखीची खरखर. तिथे नाचणाऱ्या जोडप्यांत डोमिनिकन कोण आणि पोर्तो रिकन कोण, हे मला शेवटपर्यंत ओळखता आले नाही.